ऊस दिसतो, पाणी दिसत नाही

ऑगस्ट २०१९ च्या पहिल्या पंधरवड्यात कृष्णा आणि पंचगंगा पात्राबाहेर पडल्या, तेव्हा कोल्हापूर-सांगलीवर ढगांचा जाड थर होता. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ बंद पडला, गावेच्या गावे पाण्याने वेढली, आणि सूर्यप्रकाशावर चालणारे कॅमेरे वाहणाऱ्या उपग्रहांना त्या दिवसांत ढगांच्या पाठीखेरीज फारसे काही दिसत नव्हते. अशा वेळी भिस्त असते ती रडार उपग्रहांवर. त्यांच्या लहरी ढगातून आरपार जातात आणि त्यांना उजेड लागत नाही. शांत पाण्यावर पडलेली लहर आरशावरून निसटावी तशी पलीकडे निघून जाते, उपग्रहाकडे परत येत नाही, म्हणून प्रतिमेत पाणी काळे उमटते. काळे ते पाणी, एवढ्या नियमावर पुराची कड झटपट आखता येते.

हा नियम फसतो तोही याच शिवारात. आदल्या वर्षी लावलेला आडसाली ऊस ऑगस्टमध्ये माणसाच्या डोक्याच्या खूप वर गेलेला असतो. युरोपच्या सेंटिनेल-१ उपग्रहाची साडेपाच सेंटिमीटरची लहर त्याच्या पाल्यातच अडकते आणि विखुरते. बुडख्यापाशी कमरेइतके पाणी असले तरी प्रतिमेत ऊस ऊसच राहतो. पुराच्या नकाशात ते रान कोरडे दाखवले जाते.

उपग्रहाच्या रडार प्रतिमेत काय काय आहे हे यंत्राकडून ओळखून घेण्याचा, म्हणजेच तिचे वर्गीकरण करण्याचा, खटाटोप गेली पस्तीसएक वर्षे जोमाने चालू आहे. या काळात पद्धती बदलत गेल्या आणि शोधनिबंधांतली अचूकता ९९ टक्क्यांपर्यंत चढली. तरी उसाखालचे पाणी दिसत नाही. यात अल्गोरिदमचा दोष थोडा आहे. लहर कुठवर पोचते, जमिनीवरचे खरे उत्तर कोणी आणि कसे नोंदवले, परीक्षा कुठे घेतली, यांवर सगळे अवलंबून आहे. या क्षेत्राचा आढावा घेताना मला तरी अल्गोरिदमांच्या वंशावळीपेक्षा ही तीन प्रश्नचिन्हे महत्त्वाची वाटतात.

आधी प्रतिमेविषयी. सेंटिनेल-१ सुमारे ६९३ किलोमीटर उंचीवरून फिरतो आणि त्याची अँटेना बारा मीटरहून थोडी लांब आहे. साध्या रडारच्या हिशेबाने एवढ्या अँटेनाला जमिनीवरचा जवळपास चार किलोमीटरचा पट्टा एकच ठिपका म्हणून दिसला असता. पण उपग्रह पुढे सरकत असताना येणारे प्रतिध्वनी साठवून, त्यांच्या वारंवारतेतल्या सूक्ष्म फरकांवरून गणिताने कित्येक किलोमीटर लांबीची अँटेना उभी करता येते. १९५१ मध्ये अमेरिकेत गुडइयर कंपनीतल्या कार्ल वायली यांनी ही कल्पना मांडली. समुद्राच्या अभ्यासासाठी १९७८ मध्ये सोडलेल्या नासाच्या सीसॅट उपग्रहाने ती अवकाशातून वापरून दाखवली. सीसॅट साडेतीन महिनेही टिकला नाही, पण त्याने वाट पाडली. १९९१ मध्ये युरोपचा ईआरएस-१ आला, १९९५ मध्ये कॅनडाचा रडारसॅट, २०१२ मध्ये आपला रिसॅट-१, आणि २०१४ पासून सेंटिनेल-१. सेंटिनेलचा डेटा सर्वांना फुकट मिळू लागला, तेव्हापासून या विषयातल्या निबंधांना पूर आला.

या प्रतिमेतल्या ठिपक्यात रंग नसतो. पृष्ठभाग किती खडबडीत आहे, त्यात ओलावा किती आहे आणि त्याची ठेवण कशी आहे, या तिन्हींचे एकत्रित उत्तर तिथे असते. रस्ता आणि इमारतीची भिंत यांच्या काटकोनात लहर दोनदा आपटून सरळ परत येते, म्हणून शहरे झळाळतात. पाने-फांद्यांच्या गर्दीत लहरीची कंपनदिशा बदलते. उभ्या ध्रुवीकरणाने पाठवलेली लहर आडव्या ध्रुवीकरणात किती परतली, यावरून झाडोऱ्याचा अंदाज येतो. नांगरलेल्या काळ्या रानावर वळवाचा पाऊस पडला तर पीक नसतानाही ते एका रात्रीत उजळते. रडार तिरपे पाहत असल्यामुळे सह्याद्रीसारख्या उंचसखल भागात डोंगराची एक बाजू उपग्रहाकडे कलंडल्यासारखी दिसते आणि पलीकडच्या दरीत सावली पडते. ही सावली पाण्याइतकीच काळी असते. घाटमाथ्यावरच्या दऱ्यांना तलाव ठरवणारे नकाशे म्हणूनच निघतात. त्यावर उपाय म्हणून उंचीचा नकाशा जोडीला घेतात आणि नदीपातळीच्या बऱ्याच वर असलेला भाग आधीच वगळतात.

त्यात भर पडते स्पेकलची. एका ठिपक्यात शेकडो लहानमोठे परावर्तक असतात. त्यांच्याकडून परतलेल्या लहरी कुठे एकमेकींना वाढवतात, कुठे खोडतात. परिणामी अगदी एकसारख्या शेताची प्रतिमाही मीठ-मिरी शिंपडल्यासारखी दाणेदार येते. एकाच निरीक्षणातून बनवलेल्या प्रतिमेत तीव्रतेतला हा चढउतार सरासरीइतकाच मोठा असतो. म्हणजे एका पिक्सेलच्या आकड्यावरून जवळजवळ काहीच ठरवता येत नाही. शेजारच्या पिक्सेलांची सरासरी घेतली की दाणे कमी होतात, पण बांध आणि पाणंदीही पुसल्या जातात. १९८० मध्ये जाँग-सेन ली यांनी मांडलेली गाळणी या ओढाताणीतून मधला मार्ग काढते. तिचे सुधारित प्रकार आजही रोजच्या वापरात आहेत.

वर्गीकरणाच्या पहिल्या पिढीने याच भौतिकीचा हात धरला. चारही ध्रुवीकरणे मोजणाऱ्या रडारच्या डेटाचे सांख्यिकीय वितरण काय असते हे माहीत होते. त्यावर ली आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये विशार्ट वर्गीकरण उभे केले. १९९७ मध्ये क्लाउड आणि पॉटिए यांनी ‘एन्ट्रॉपी’ आणि ‘अल्फा’ या दोन आकड्यांत विखुरण्याचा प्रकार बसवला. पुढच्याच वर्षी फ्रीमन आणि डर्डन यांनी परतलेल्या ऊर्जेचे पृष्ठभागावरची, दोनदा आपटलेली आणि झाडोऱ्यातून विखुरलेली असे तीन वाटे केले. या पद्धतींचा मोठा गुण असा, की उत्तर चुकले तर का चुकले हे सांगता येते. त्यांची अडचण वेगळी होती. पूर्ण ध्रुवीकरणाचा डेटा दुर्मीळ, आणि सेंटिनेल-१ जमिनीवर एरवी दोनच देतो. त्या दोनांतून जास्तीत जास्त काढण्याच्या प्रयत्नांत पवईच्या आयआयटी मुंबईचा वाटा ठळक आहे. तिथल्या संशोधकांनी २०२० मध्ये दुहेरी ध्रुवीकरणावर आधारलेला वनस्पती निर्देशांक मांडला. तो तपासला गेला कॅनडातल्या मॅनिटोबामधल्या कनोला, सोयाबीन आणि गव्हाच्या शेतांवर. पिकाची उंची, पानांचा पसारा, ओलावा यांची पद्धतशीर मोजमापे त्या शेतांवर झालेली होती. मोजमापे जिथे असतात तिथेच परीक्षा होते, ही साधी गोष्ट पुढे पुन्हा पुन्हा आडवी येणार आहे.

मग यंत्राने स्वतः नियम शोधावा असा विचार आला. सपोर्ट व्हेक्टर मशीन १९९५ चे, रँडम फॉरेस्ट २००१ चे. दोन्हींत माणूस वैशिष्ट्ये निवडतो, म्हणजे दोन ध्रुवीकरणांचे आकडे, त्यांचे गुणोत्तर, पोत, वेगवेगळ्या तारखांमधले फरक, आणि सीमारेषा यंत्र आखते. रँडम फॉरेस्टविषयी कोणी उत्साहाने बोलत नाही, पण नमुने शेकड्यांत असतील आणि वेळ थोडा असेल तर ते आजही हरवायला कठीण आहे. २०१५ च्या आसपास कन्व्होल्यूशनल न्यूरल नेटवर्क आली. ती शेजारच्या पिक्सेलांचा संदर्भ स्वतःच शिकतात, त्यामुळे स्पेकलचा त्रास कमी होतो. पुढे लहरीची कला, म्हणजे फेज, टाकून न देता सम्मिश्र संख्यांवरच चालणारी नेटवर्क झाली. अलीकडे ट्रान्सफॉर्मरही आले. प्रत्येक नव्या निबंधातल्या तक्त्यात शेवटची ओळ लेखकाच्या पद्धतीची असते आणि तिच्यातले आकडे ठळक ठशात असतात.

हे आकडे कुठून येतात ते पाहण्यासारखे आहे. ध्रुवीकरण-वर्गीकरणाच्या बहुसंख्य निबंधांत एक प्रतिमा हमखास भेटते: नेदरलँड्समधला फ्लेव्होलँड, नासाच्या विमानावरच्या एअरसार रडारने १६ ऑगस्ट १९८९ रोजी टिपलेला. ७५० गुणिले १०२४ पिक्सेल आणि १५ वर्ग, त्यात बटाटा, बीट, गहू, वाटाणा, पाणी, जंगल वगैरे. फ्लेव्होलँड हा समुद्र हटवून तयार केलेला प्रांत. जमीन टेबलासारखी सपाट, शेते मोठी, आयताकृती, एका शेतात एकच पीक. रडारसाठी याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही. गेल्या तीन दशकांत किती पद्धतींनी या एकाच चित्रावर आपली गुणवत्ता सिद्ध केली असेल, याची गणती नाही.

परीक्षेची रीतही तशीच. नकाशातल्या ओळखलेल्या पिक्सेलांपैकी काही टक्के यादृच्छिक निवडायचे, त्यांवर शिकवायचे आणि उरलेल्यांवर तपासायचे. पण एकाच शेतातले दोन शेजारी पिक्सेल जवळपास जुळेच असतात. त्यातून नेटवर्क पिक्सेलभोवतीचा चौकोनी तुकडा पाहत असेल, तर तपासणीतल्या पिक्सेलाचा बराचसा परिसर त्याने शिकतानाच पाहिलेला असतो. सरावाच्या वहीतलीच गणिते परीक्षेत घालून पोराला पैकीच्या पैकी गुण द्यावेत, तशातला हा प्रकार. शिकवायचा आणि तपासायचा भाग वेगळ्या शेतांतून घेतला, तर हेच आकडे घसरतात. वेगळ्या गावातून, वेगळ्या हंगामातून घेतला तर आणखी. जागेप्रमाणे गट पाडून तपासणी करावी हे पर्यावरणशास्त्रातले लोक कधीपासून सांगत आहेत. रडारच्या क्षेत्रातही आता त्याची दखल घेतली जाते, पण तक्त्यातला ९९ चा मोह सुटलेला नाही.

लष्करी बाजूला हाच किस्सा एमस्टार या संचाचा. अमेरिकेच्या संरक्षण संशोधन यंत्रणेने १९९० च्या दशकाच्या मध्यात रणगाडे आणि चिलखती गाड्यांच्या एक फूट विभेदनाच्या रडार प्रतिमा गोळा केल्या. शिकवायला १७ अंशांच्या कोनातून घेतलेल्या, तपासायला १५ अंशांच्या. २०१६ मध्ये चीनमधल्या फुदान विद्यापीठाच्या संशोधकांनी दहा वर्गांवर ९९.१३ टक्के अचूकता मिळवली. पद्धत खरोखर नेटकी होती. पण या संचात एकेका वाहनाची चित्रे एकाच जागेवर उभे करून घेतलेली. वाहन पुसून नुसत्या मागच्या जमिनीवरून ते कोणते होते हे ओळखायला लावले, तरी यंत्र अंदाजपंचे उत्तरापेक्षा बरेच पुढे जाते, असे नंतरच्या तपासण्यांत दिसले. यंत्राने रणगाडा ओळखला की त्याखालचे गवत, हे नुसत्या टक्केवारीवरून कळत नाही.

टक्केवारीचा आणखी एक फसवा गुण. चित्राच्या ५ टक्के भागात पूर असेल आणि यंत्राने डोळे मिटून सगळे कोरडे ठरवले, तरी अचूकता ९५ टक्के. म्हणून पुराच्या नकाशात पाण्याचा वर्ग वेगळा काढून किती सुटले आणि किती उगाच धरले, हे दोन्ही पाहावे लागते.

पुराच्या बाबतीत गेल्या काही वर्षांत काम शहाणे झाले आहे. २०२० मध्ये आलेल्या ‘सेन१फ्लड्स११’ संचात सहा खंडांतल्या ११ पुरांचे ४,८३१ तुकडे आहेत, पण हाताने तपासून रंगवलेले ४४६ च. बाकीच्यांची उत्तरे यंत्रानेच काढलेली आहेत. या प्रमाणातच या क्षेत्राची गरिबी दिसते. प्रतिमा लाखोंनी आहेत, खात्रीची उत्तरे शेकड्यांत. युरोपच्या कोपर्निकस कार्यक्रमाने २०२१ मध्ये सुरू केलेली जागतिक पूर-देखरेख मला अधिक पटते. सेंटिनेल-१ ची नवी प्रतिमा आली की तीन वेगवेगळ्या संस्थांचे तीन अल्गोरिदम ती स्वतंत्रपणे तपासतात आणि बहुमताने पाणी ठरते. त्याबरोबरच दाट झाडोरा, इमारतींची गर्दी, रडारच्या सावल्या अशा जिथे या लहरीला दिसूच शकत नाही त्या जागांचा वेगळा थर दिला जातो. ‘इथे पाणी नाही’ आणि ‘इथले मला दिसत नाही’ ही दोन उत्तरे वेगळी आहेत. वारणाकाठच्या उसाच्या मालकाला हा फरक समजावून सांगावा लागणार नाही.

समुद्रावरचे चित्र बरेच आशादायक आहे, आणि त्याचे कारण बोलके आहे. ‘ग्लोबल फिशिंग वॉच’च्या संशोधकांनी जानेवारी २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये २०१७ ते २०२१ या काळातल्या सेंटिनेल-१ प्रतिमांवरचे काम प्रसिद्ध केले. जगातल्या औद्योगिक मासेमारी जहाजांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश जहाजे सार्वजनिक मागोव्यात दिसतच नाहीत, असे त्यातून पुढे आले. दक्षिण आशियाचा समुद्र अशा अदृश्य जहाजांच्या ठळक पट्ट्यांपैकी एक. इथे नेटवर्क चांगले चालले, कारण उत्तरांचा साठा आयता होता. ज्या जहाजांनी आपले स्थान सांगणारे यंत्र चालू ठेवले होते, त्यांच्या नोंदी प्रतिमेतल्या ठिपक्यांशी जुळवता आल्या, आणि त्यांवरून शिकून यंत्राने न सांगणारी जहाजे शोधली. तेलाच्या तवंगाबाबत अशी सोय नाही. तवंग समुद्रावरच्या बारीक लाटा दाबतो म्हणून काळा दिसतो, पण वारा पडला, शेवाळ पसरले किंवा जोराचा पाऊस झाला तरी तसेच काळे पट्टे उमटतात. त्या जागी बोट नेऊन पाहणे क्वचितच होते.

शेतीत भात हा रडारचा लाडका विद्यार्थी. चिखलणी करून लावणी झाली की खाचर काळे दिसते. मग फुटवे वाढतात आणि परतीचा संकेत आठवड्यागणिक चढत जातो. एका तारखेचे चित्र संदिग्ध असले तरी जूनअखेर ते सप्टेंबर या काळातला चढ भाताचा म्हणून ओळखता येतो. अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरने १९९० च्या दशकापासून यावर काम केले, आणि दिल्लीतल्या महालनोबिस राष्ट्रीय पीक अंदाज केंद्राचे खरिपातल्या भाताचे अंदाज रडारवरच उभे आहेत. तरी धूळवाफेवर पेरलेला भात सुरुवातीला काळा दिसत नाही आणि नियमातून निसटतो. शिवाय तारखांची मालिका सलग लागते. डिसेंबर २०२१ मध्ये सेंटिनेल-१ च्या जोडीतला सेंटिनेल-१बी बंद पडला, तेव्हापासून डिसेंबर २०२४ मध्ये सोडलेला सेंटिनेल-१सी कामाला लागेपर्यंत सहा दिवसांच्या फेऱ्यांवर बेतलेल्या पद्धतींना बारा दिवसांवर भागवावे लागले.

भाताबाहेर पडले की गुंता वाढतो. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार देशातली सरासरी धारणा १.०८ हेक्टर आहे. सेंटिनेलच्या नेहमीच्या प्रतिमेचा पिक्सेल दहा मीटरचा असला तरी खरे विभेदन वीस मीटरच्या घरात जाते. म्हणजे एका सरासरी शेतात स्वतंत्र माहितीचे जेमतेम पंचवीस तुकडे, आणि त्यांतले निम्म्याहून अधिक बांधाला लागलेले. विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनच्या ओळींमध्ये तूर असते. ऑक्टोबरात सोयाबीन निघते, तूर उभी राहते. त्या पिक्सेलचा वर्ग कोणता लिहायचा? फ्लेव्होलँडवर शिकलेल्या मांडणीत या प्रश्नाला जागाच नाही.

खरी उत्तरे मिळण्याचा एक मोठा झरा मात्र महाराष्ट्रात आहे. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच्या रानात उभा राहून मोबाइलवर पीक नोंदवतो आणि फोटो काढतो, स्थानासकट. एवढ्या प्रमाणावर जागेशी जोडलेल्या पीकनोंदी मिळणे ही संशोधकाला चैन वाटावी अशी गोष्ट. पण ती नोंद सातबाऱ्यासाठी असते, यंत्राच्या शिकवणीसाठी नव्हे. फोटो बांधावरून निघतो, एका गटात दोन पिके असतात, आणि अनुदान किंवा खरेदी नोंदीवर अवलंबून असली की नोंदीला तिचे स्वतःचे हेतू चिकटतात. ती वापरण्याआधी काही गावांत तिसऱ्या माणसाने जाऊन पडताळणी केली, तर तिच्यात कितपत गोंगाट आहे हे कळेल. गोंगाट किती आहे ते माहीत असेल तर यंत्र तो बराचसा पचवू शकते.

हा प्रश्न आता नुसत्या निबंधांचा राहिलेला नाही. पंतप्रधान पीक विमा योजनेत २०२३ च्या खरिपापासून भात आणि गव्हाच्या उत्पादन-अंदाजात तंत्रज्ञानावर आधारित आकड्याला किमान ३० टक्के भार देण्याची ‘यस-टेक’ पद्धत आली. अशा अंदाजाची पहिली पायरी म्हणजे कुठे कोणते पीक आहे याचा नकाशा. तो चुकला तर पुढचे सगळे गणित चुकते आणि भरपाईचा आकडा बदलतो. माझी अपेक्षा साधी आहे. प्रत्येक जिल्ह्यासाठी आणि प्रत्येक पिकासाठी यंत्राने कशाला काय म्हटले याचा पूर्ण तक्ता जाहीर व्हावा, आणि तो त्या हंगामात न शिकवलेल्या गावांवर तपासलेला असावा.

सध्याची लाट आहे पायाभूत मॉडेलांची. उत्तरे न देता प्रचंड प्रतिमा दाखवायच्या, चित्राचा झाकलेला भाग ओळखायला लावायचा, आणि मग थोड्या नमुन्यांवर हवे ते काम शिकवायचे. गूगल डीपमाइंडने जुलै २०२५ मध्ये जाहीर केलेले अल्फाअर्थ सेंटिनेल-१ सकट अनेक स्रोत एकत्र करून दर दहा मीटरच्या तुकड्याला ६४ आकड्यांची ओळख देते. उत्तरे दुर्मीळ असलेल्या क्षेत्राला ही दिशा साजेशी आहे. माझी शंका एवढीच, की यातल्या बहुतेक पद्धती साध्या छायाचित्रांच्या सवयी घेऊन येतात. मांजराचे चित्र उजवी-डावीकडे उलटे केले तरी मांजर तेच राहते. रडार प्रतिमा उलटी केली तर डोंगर उपग्रहाच्या विरुद्ध बाजूला कलंडतात आणि सावल्या चुकीच्या बाजूला पडतात, असे दृश्य उपग्रहाच्या त्या फेरीतून कधीच दिसत नाही. शिवाय यातल्या बऱ्याच मॉडेलांना फक्त तीव्रता मिळते, कला आधीच टाकून दिलेली असते.

उसाकडे परत जायचे तर त्याला लांब लहर हवी. नासा आणि इस्रोचा निसार उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटाहून जीएसएलव्हीने गेला. त्यात नासाचे सुमारे २४ सेंटिमीटर लहरीचे आणि इस्रोचे सुमारे दहा सेंटिमीटर लहरीचे अशी दोन रडारे एकाच बारा मीटर व्यासाच्या जाळीदार अँटेनावर आहेत, आणि दर बारा दिवसांनी तो त्याच जागेवर येतो. चोवीस सेंटिमीटरची लहर पाल्यातून बरीच खाली उतरते. खाली पाणी असेल तर ती पाण्यावरून कांड्यांवर आणि तिथून परत अशी दोनदा आपटते, आणि बुडालेला फड काळा दिसण्याऐवजी उजळ दिसायला हवा. याचा अर्थ ‘काळे ते पाणी’ शिकलेली आजवरची सगळी मॉडेले इथे जशीच्या तशी चालणार नाहीत. नव्याने शिकवायला बुडालेल्या आणि न बुडालेल्या उसाच्या नोंदी लागतील, कोणत्या तारखेला, कोणत्या गटात, किती फूट पाणी होते अशा. पंचनाम्यात यातले काही लिहिलेले असते, पण पाणी ओसरल्यावर. पूर असतानाची नोंद कोणी ठेवायची, हे अजून कोणत्याच खात्याच्या कामात बसत नाही.